पेपर टाकण्याआधी आपला मस्टर वाचा

मी भोसरी-चाकण पट्ट्यात पगारपत्रकं करते. हजेरीचा मस्टर, ओव्हरटाइम, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि माणूस पेपर टाकून, म्हणजे राजीनामा देऊन गेला की त्याचं फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब. त्यामुळे नोकरी सोडणारा माणूस माझ्या टेबलाशी येतो तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं. त्याला फक्त एवढंच विचारायचं असतं, "मॅडम, माझे किती निघतात?" बऱ्याचदा आकडा ऐकून चेहरा पडतो. महिना-दोन महिने थांबला असता तर वेगळा निघाला असता, हे तेव्हा सांगून काय उपयोग?

आमच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी नात्यातली, सोसायटीतली पोरं-पोरी चिंचवडला घरी येतात आणि चहा संपायच्या आत मुद्द्यावर येतात, "काकू, सोडू का?" हे दोन प्रश्न आहेत, हे मी त्यांना आधी सांगते. सोडायचं का, हा एक. कधी सोडायचं, हा दुसरा. दोन्ही एकाच संध्याकाळी, साहेबाशी वाजल्यावर, डोक्यात राख घालून ठरवले की गडबड होते. पहिल्याचं उत्तर तुमच्या रोजच्या कामात आहे. दुसऱ्याचं तुमच्या कागदांत.

आधी हजेरी काढा

कंपनीच्या पोर्टलवर जा, गेल्या बारा महिन्यांच्या सुट्ट्या काढा. पोर्टल नसेल तर टाइम ऑफिसात मागा, देतात. गेल्या वर्षाचं कॅलेंडर घ्या आणि त्यावर तुमची प्रत्येक सुट्टी, हाफ डे, लेट मार्क खुणा करून टाका. गणपती, गावची जत्रा, लग्नं, मुलांचं आजारपण वगळा. उरलेल्या खुणा बघा.

पेपर टाकायच्या आधी कित्येक महिने माणसाची हजेरी बदलते. ते मला दिसतं, त्याला स्वतःला दिसत नाही. विचारलं तर तो म्हणतो, "कंटाळा आलाय." कशाचा, ते त्या खुणा सांगतात.

माझा एक भाचा चाकणला मशीन शॉपमध्ये आहे. "काम नकोसं झालंय, कुठेही चालेल पण इथे नको," असं म्हणत आला होता. खुणा केल्या तर त्याच्या निम्म्याहून जास्त सुट्ट्या थर्ड शिफ्टच्या आठवड्यातल्या. फर्स्ट आणि सेकंडला गडी चोख हजर. त्याला काम नकोसं नव्हतं, रात्र नकोशी झाली होती. नवीन कंपनीतही थर्ड शिफ्ट असतीच. त्याने आतल्या आत टूल रूमला बदली मागितली, जनरल शिफ्ट मिळाली, आणि तो अजून तिथेच आहे. पगार तेवढाच, नाइट अलाउन्स गेला म्हणून बायको थोडी कुरकुरली, ती गोष्ट वेगळी.

याच्या उलट एक क्वालिटीतली मुलगी. तिचे सगळे हाफ डे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. त्या आठवड्यात कस्टमर कंप्लेंटचा रिव्ह्यू असायचा आणि तिचा मॅनेजर वीस माणसांसमोर तिच्या नावाने खडे फोडायचा. तिने दुसऱ्या प्लांटला बदली मागितली, मिळाली नाही. एचआरला लिहून दिलं, "बघतो" असं उत्तर आलं. तेव्हा मी तिला म्हटलं, आता बाहेर बघ. खुणा सगळ्या एकाच जागी, मार्ग मागून झाला आणि तो बंद आहे, हे तिच्या बाबतीत कागदावर दिसत होतं.

खुणा विखुरलेल्या असतील, म्हणजे दर आठवड्याला एखादी, कुठलंही कारण नाही, तर गोष्ट जास्त गंभीर. झोप लागत नाही, रविवारी संध्याकाळी (आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी) पोटात गोळा येतो, बीपीची गोळी सुरू झाली. अशा वेळी आधी डॉक्टर, मग बाकीचं. या लेखातले ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम) आणि बोनसचे हिशेब मग दुय्यम समजा. तसंच लैंगिक त्रासाचा मामला असेल तर राजीनामा हा पहिला उपाय नव्हे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असावी लागते आणि तक्रारीला साधारण तीन महिन्यांची मुदत असते. ती मुदत नोटीस पिरियडमध्ये निघून जाते.

बायोडाटात एक ओळ वाढते का?

नोकरी बदलायची असो-नसो, वर्षातून एकदा बायोडाटा उघडा आणि गेल्या बारा महिन्यांत शिकलेल्या कामाची एक नवी ओळ लिहायचा प्रयत्न करा. "टीम प्लेअर" वगैरे नको. सीएमएमवर (मोजमापाच्या यंत्रावर) प्रोग्रॅम करायला लागलो, पीपीएपीची (ग्राहकाकडून भाग मंजूर करून घ्यायची) फाइल एकटीने पूर्ण केली, सॅपमधलं खरेदीचं मॉड्यूल हाताळलं, अशी ओळ. एक वर्ष ओळ सुचली नाही तर चालतं. घरात लग्न असतं, बाळ असतं, माणूस थोडा दम खातो. दोन वर्षं लागोपाठ सुचली नाही तर मात्र बाजारात तुमची किंमत कमी होते आहे, पगारवाढ मिळत असली तरी.

पुण्याच्या वाहन उद्योगात याला आणखी एक बाजू आहे. तुमची कंपनी नेमका कुठला भाग बनवते? पिस्टन, क्लच, सायलेन्सर, इंधनाचे पंप यांना विजेवरच्या गाडीत जागा नाही. सीट, ब्रेक, दिवे, सस्पेन्शन, वायरिंग यांना आहे. याचा अर्थ पिस्टनवाल्यांनी उद्या पळावं असा नाही. डिझेल-पेट्रोलच्या गाड्या अजून पुष्कळ वर्षं बनणार आहेत आणि सुटे भाग तर त्याहून जास्त वर्षं लागणार आहेत. पण वय तिशीत असेल आणि कंपनी नवीन प्रॉडक्टवर एक पैसा घालत नसेल तर ते मनात नोंदवून ठेवा.

कंपनीच डळमळते आहे का?

कारण तुमच्यात नसून कंपनीत असेल तर लक्षणं ठरलेली आहेत. पगाराची तारीख सात, मग दहा, मग "या आठवड्यात होईल". ओव्हरटाइम अचानक बंद. तीन शिफ्टच्या दोन. कॅन्टीनचा कंत्राटदार बदलतो आणि नवा आलेलाही कुरकुरतो. स्टोअरमध्ये मालाची गाडी उभी असते, पण पैसे दिल्याशिवाय ड्रायव्हर माल उतरू देत नाही. आणि एक लक्षण मी हक्काने सांगते: अकाउंट्समधली दोन जुनी माणसं थोड्या अंतराने सोडून गेली तर कान टवकारा. बातमी त्यांना आधी कळते.

या सगळ्यात पक्का पुरावा एकच, पीएफचं पासबुक. तुमच्या पगाराच्या स्लिपमधून कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. पासबुकात नोंद दिसायला थोडे दिवस जातात, ते धरून चला. पण स्लिपवर कपात आहे आणि दोन-तीन महिने पासबुकात काहीच नाही, असं दिसलं तर "सोडायचं का" हा प्रश्न तिथेच संपला. बायोडाटा त्याच दिवशी पाठवायला लागा.

मागून पाहिलंत का?

सोडण्याआधी एकदा मागा. पगार, शिफ्ट, बदली, जे हवं ते. जाता-येता नको, वेळ ठरवून, आणि नंतर दोन ओळींचा मेल टाकून. आपल्याकडे लोक मागायला लाजतात आणि सोडायला लाजत नाहीत, हे मला आजवर कळलेलं नाही. मेलमध्ये तारीख असू द्या: "जूनअखेरपर्यंत कळवावे." उत्तर नाही आलं तर तेही उत्तरच, आणि मग तुमच्या मनात रुखरुख राहत नाही.

राजीनामा दिल्यावर कंपनी पगार वाढवून थांबवते, त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अडचण पैशाचीच होती तर थांबा, पण वाढीव पगाराचं पत्र लेटरहेडवर, कुठल्या महिन्यापासून ते लिहून घ्या. अडचण थर्ड शिफ्टची, मॅनेजरची, रस्त्याची असेल तर पैसे घेऊन थांबू नका. ती अडचण तिथेच असते, आणि आता "हा जाणार होता" हेही त्या साहेबाच्या लक्षात असतं.

नव्या पगाराचा खरा आकडा

इथे माझा हात चालतो, म्हणून जरा खोलात जाते. पंचवीस टक्के वाढ, असं ऐकलं की घरात पेढे येतात. मी म्हणते, पेढे आणा, पण ऑफर लेटरचं शेवटचं पान पण आणा.

शेजारच्या एका मुलाचं उदाहरण घेऊ, आकडे थोडे सरळ करून. जुनी नोकरी भोसरीत, सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ७ लाख २० हजार, म्हणजे महिना ६० हजार. बेसिक (मूळ पगार) २८,५००. त्या ६० हजारांतून कंपनीचा पीएफ १,८०० (ही कंपनी १५ हजारांच्या कायदेशीर मर्यादेवर १२ टक्के भरते) आणि ग्रॅच्युइटीची तरतूद १,३७१ वजा. ग्रॉस, म्हणजे त्याच्या कपातीआधीचा पगार, झाला ५६,८२९. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला. हातात ५४,८२९.

नवी ऑफर खराडीत, सीटीसी ९ लाख. वाढ बरोब्बर पंचवीस टक्के. आता शेवटचं पान. त्यात १५ टक्के व्हेरिएबल, म्हणजे १ लाख ३५ हजार वर्षाअखेरीस, कंपनीला वाटलं तर. उरले ७ लाख ६५ हजार, महिना ६३,७५०. बेसिक ३२,०००, आणि ही कंपनी पूर्ण बेसिकवर पीएफ भरते, म्हणजे ३,८४०. ग्रॅच्युइटी १,५३९. मेडिक्लेमचा हप्ताही सीटीसीतच धरलेला, महिना १,०००. ग्रॉस ५७,३७१. त्यातून त्याचा पीएफ ३,८४० आणि २०० टॅक्स. हातात ५३,३३१.

पंचवीस टक्के वाढ घेऊन दर महिन्याला हातात साधारण पंधराशे रुपये कमी!

ऑफर वाईट आहे, असं यावरून लगेच ठरत नाही, हेही त्याला सांगितलं. पीएफ त्याचाच पैसा आहे. आधी दोन्ही बाजूंचे मिळून ३,६०० जमायचे, आता ७,६८० जमतील. त्यातला थोडा भाग पेन्शन योजनेत जातो, तरी बचत वाढते हे खरं. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर वर्षाचा हिशेब वरचढ ठरतो. पण त्याच्या डोक्यावर गाडीचा हप्ता होता आणि "आता हातात दहा हजार वाढतील" या भरवशावर तो मोठं घर भाड्याने बघत होता. तो भरवसा चूक होता.

म्हणून एचआरला विचारायचे प्रश्न हे. व्हेरिएबल गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्षात किती टक्के दिलं? पीएफ पूर्ण बेसिकवर की मर्यादेवर? मेडिक्लेममध्ये आई-वडील आहेत का, आणि त्यांचा हप्ता कुणाचा? जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांत सोडल्यास परत करायचा? विचारलं म्हणून ऑफर मागे घेणारी कंपनी असेल तर बरं झालं, आधीच कळलं.

सीटीसीत न दिसणाऱ्या गोष्टीही जोडा. भोसरीतल्या कंपनीची बस घराजवळ यायची आणि कॅन्टीनमध्ये नाममात्र पैशात जेवण. खराडीत दोन्ही नाही. जेवण-प्रवासाचा महिन्याचा खर्च कागदावर लिहून काढला तेव्हा मुलगा गप्पच झाला. मग त्याने जॉइन होण्याआधी पुन्हा बोलणी केली, व्हेरिएबलमधले काही टक्के फिक्समध्ये वळवून घेतले आणि गेला. हे असंही होतं, विचारलं तर.

रस्ता एकदा करून बघा

पुण्यात नोकरीचा निर्णय निम्मा रस्त्याचा असतो. मुलाखत बहुधा अकरा वाजता असते, तेव्हा सगळंच जवळ वाटतं. हो म्हणण्याआधी एखाद्या कामाच्या दिवशी, तुमच्या शिफ्टच्या वेळेला, घरापासून नव्या ऑफिसच्या गेटपर्यंत जाऊन या, आणि संध्याकाळी सुटायच्या वेळी परत. शक्यतो पावसात. वाकडहून हिंजवडीत आत शिरायला, चाकणचा तळेगाव चौक ओलांडायला किंवा नवले पुलाजवळून निघायला प्रत्यक्षात किती लागतं, ते तुमच्या मोबाइलवरच्या नकाशापेक्षा तुमच्या कंबरेला जास्त कळेल.

मेट्रो आल्यापासून काही वाटा सोप्या झाल्या. पिंपरीहून जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून रामवाडीपर्यंत जाता येतं, आणि तिथून पुढे खराडीला रिक्षा किंवा बस. तो शेवटचा तुकडा रोज कसा करणार, ते ठरवून मगच मेट्रोच्या भरवशावर हो म्हणा.

वारही बघा. एमआयडीसीत गुरुवार, आयटीत शनिवार-रविवार. नवरा भोसरीत आणि बायको हिंजवडीत, अशा कितीतरी घरांत दोघांना एकत्र सुट्टी फक्त सणाला मिळते. माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याने नोकरी बदलली ती केवळ एवढ्यासाठी, पगारात एक पैसा वाढ न घेता. मला ते कारण भक्कम वाटलं. मुलांची शाळा रविवारी बंद आणि बाप गुरुवारी घरी, हे किती वर्षं चालवायचं?

आता तारीख ठरवा

सोडायचं ठरलं, ऑफर पटली. आता कपाटातून नेमणूक पत्र काढा. कन्फर्मेशनचं पत्रही काढा, कारण प्रोबेशनमध्ये तीस दिवसांची असलेली नोटीस कन्फर्म झाल्यावर गुपचूप नव्वद झालेली असते. नोटीस कमी करून पैसे भरायची मुभा आहे का, आणि ते पैसे बेसिकवर मोजतात की ग्रॉसवर, हेही त्यात लिहिलेलं असतं. फरक मोठा पडतो.

सगळ्यात जास्त पैसे लोक ग्रॅच्युइटीत घालवतात. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, असा हिशेब. वरच्या मुलाचा बेसिक २८,५०० धरला तर पाच वर्षांचे ८२ हजारांच्या वर होतात. चार वर्षं सात महिन्यांवर सोडलं तर बहुतेक कंपन्या शून्य देतील. चार वर्षं पूर्ण आणि पाचव्या वर्षात २४० दिवस काम झालं की पाच वर्षं धरावीत, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण प्रत्येक कंपनी तो आपणहून मानत नाही. म्हणून एचआरकडून आधी लेखी विचारून घ्या किंवा सरळ पाच पूर्ण करा. नोटीसचे दिवसही नोकरीतच मोजले जातात, तेव्हा शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पलीकडे पडेल, असा राजीनामा टाका. पाचच्या पुढे मात्र सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. सहा वर्षं सात महिने म्हणजे सात. तुम्ही ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत एका वर्षावरही प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे. करारावरच्या पोरांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

व्हेरिएबल आणि बोनसची अट शब्दशः वाचा. "३१ मार्चला हजेरीपटावर असावा" आणि "रक्कम देण्याच्या दिवशी हजेरीपटावर असावा व नोटीसवर नसावा" या दोन अटींत एका मेलच्या तारखेवरून पूर्ण वर्षाची रक्कम जाते. दुसरी अट असेल तर पैसे खात्यात दिसल्यावरच पेपर टाका. यात कसली गद्दारी नाही, ते काम तुम्ही वर्षभर केलेलं आहे.

घरातल्या तारखाही मांडा. गृहकर्जाचा अर्ज बँकेत असेल तर रक्कम हातात येईपर्यंत हलू नका. बँक शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा बघते आणि मधेच कंपनी बदलली की फाइल पुन्हा वरून सुरू होते. बाळाचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट: बाळंतपणाच्या रजेचा पगार मिळायला अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. दिवस मोजून बदला. मुलाखतीत हे सांगायची काही गरज नाही.

आणि मेडिक्लेम. कंपनीचा विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. आईच्या गुडघ्याचं किंवा वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललेलं असेल तर ते नोटीसमध्येच उरकून घ्या. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, त्याची चौकशी सोडण्याआधी करा. नवीन पॉलिसी कोरी घेतलीत तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

पेपर टाकताना

तोंडी होकारावर पेपर टाकू नका. ऑफर लेटर हातात हवं, त्यात पगाराची फोड आणि जॉइनिंगची तारीख हवी. "मेडिकल आणि व्हेरिफिकेशननंतर पक्कं" असं वाक्य असेल तर ते दोन्ही आधी होतं का, ते विचारा. नोकरीसाठी "रजिस्ट्रेशनचे" किंवा "लॅपटॉपच्या डिपॉझिटचे" पैसे मागणारा मेल आला तर ती नोकरी नाही, फसवणूक आहे, नाव कितीही मोठ्या कंपनीचं असो. मूळ सर्टिफिकेटं कुणाकडेही ठेवायला देऊ नका.

बॉण्डची, म्हणजे सोडण्यावर बंधन घालणाऱ्या कराराची, भीती बरेच जण बाळगतात. सोडल्यावर अमुक कंपनीत जायचं नाही, या बंधनाला १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ फारसं टिकू देत नाही. पण ठरावीक मुदतीच्या आत सोडलं तर अमुक रक्कम भरायची, ही अट वेगळी. एका सरकारी बँकेच्या अशा अटीला सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मान्यता दिली. रक्कम मोठी असेल तर वकिलाला कागद दाखवून मगच पुढचं बोला.

राजीनाम्याचा मेल तीन ओळींचा पुरे: राजीनामा देत आहे, नेमणूक पत्राप्रमाणे नोटीस इतके दिवस, शेवटचा दिवस अमुक तारीख. कारण, तक्रारी, शेरोशायरी काही नको. मेलची एक प्रत स्वतःच्या खासगी आयडीवर ठेवा. नोटीसच्या काळात काम नीट द्या; चाकणमधलं क्वालिटीचं जग एवढंसं आहे, तोच ऑडिटर पुढच्या कंपनीतही तुमच्यासमोर बसतो.

शेवटच्या आठवड्यात पोर्टल चालू आहे तोवर सगळ्या स्लिपा आणि फॉर्म सोळा (कापलेल्या कराचे दाखले) उतरवून घ्या, नंतर आमच्यासारख्यांना फोन करत बसावं लागतं. यूएएनमध्ये (पीएफच्या कायम क्रमांकावर) नाव, जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का ते तपासा. काही दुरुस्त्यांना जुन्या मालकाचा शिक्का लागतो आणि तुम्ही गेल्यावर त्याला घाई नसते. पीएफ काढू नका, नव्या खात्यात ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो, आणि पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, ती मोडते. कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही तर दोन महिन्यांनंतर तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता.

नव्या ठिकाणी रुजू झालात की या आर्थिक वर्षातलं जुन्या कंपनीतलं उत्पन्न आणि कापलेला कर तिथल्या पेरोलला कळवा. नाही कळवलं तर दोन्हीकडे सूट धरली जाते, कर कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना जुलैत एकदम मोठा आकडा समोर येतो. आणि जुनं सॅलरी अकाउंट: पगार यायचा थांबला की काही महिन्यांत बँक त्याचं साधं खातं करते आणि किमान शिल्लक नसेल तर काही बँका दंडही कापतात. त्यावर एखादा हप्ता किंवा लाइट बिल लावलेलं असेल तर ते आधी नव्या खात्यावर वळवा, मग जुनं बंद करा.